अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरची मोठी हिमवादळं: मोजायचं काय?

समभाररेषा | ३ डिसेंबर, २०:४०

दर डिसेंबरात कुठल्यातरी धाग्यावर ‘बॉस्टनचं सर्वांत मोठं हिमवादळ कुठलं’ हा प्रश्न निघतो आणि खाली इंचांचे आकडे पडायला लागतात. ते आकडे इथे एकदाचे देऊन टाकतो, म्हणजे पुढचं बोलता येईल.

बॉस्टनला फेब्रुवारी २००३ मध्ये २७.६ इंच, फेब्रुवारी १९७८ मध्ये २७.१, फेब्रुवारी १९६९ मध्ये २६.३ आणि १९९७ च्या चक्क एक एप्रिलला संपलेल्या वादळात २५.४. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात जानेवारी २०१६ चे २७.५, त्याखालोखाल फेब्रुवारी २००६ चे २६.९. फिलाडेल्फियाचा विक्रम जानेवारी १९९६ चा, ३०.७. वॉशिंग्टनचा १९२२ चा, २८.

गंमत अशी की बॉस्टनच्या यादीत पहिलं असलेलं २००३ चं वादळ तिथे फारसं कुणी काढत नाही, आणि दुसऱ्या नंबरचं १९७८ चं अजून घराघरांत निघतं. अर्ध्या इंचाने असं होत नाही. २००३ ला तो सोमवार प्रेसिडेंट्स डेच्या सुट्टीचा होता. ६ फेब्रुवारी १९७८ हाही सोमवारच, पण कामाचा. बर्फ पहाटेपासून पडेल असा अंदाज होता. सकाळी काहीच पडेना, तेव्हा ‘चुकलं यांचं’ म्हणून लोक कामावर निघून गेले. बर्फ सुरू झाला तो सकाळ उलटता उलटता, आणि मग सगळे एकदमच घरी निघाले. बॉस्टनला वळसा घालणाऱ्या रूट १२८ या महामार्गावर तीन हजारांहून जास्त मोटारी आणि पाचशेच्या आसपास ट्रक जागच्या जागी गाडले गेले. असं व्हायला एक तिरका झालेला ट्रक पुरतो. मागची रांग थांबते, थांबलेल्या रांगेत प्लाउ (बर्फ बाजूला सारणारी गाडी) शिरू शकत नाही, आणि प्लाउ नाही म्हणून रांग हलत नाही. त्या रस्त्यावर १४ माणसं दगावली ती गाडीत इंजिन चालू ठेवून बसल्यामुळे. धूर सोडणारी नळी बर्फाने बुजली की कार्बन मोनॉक्साइड गाडीतच येतो. त्यानंतर मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर मायकेल डुकाकिस यांनी खासगी वाहनांवर घातलेली बंदी जवळपास आठवडाभर टिकली.

म्हणून कुठल्याही वादळाबद्दल आधी तीन प्रश्न विचारावेत असं माझं मत. कुठल्या वारी, किती वाजता सुरू झालं? बर्फ ओला होता की कोरडा? भरती कधी होती? इंच त्यानंतर.

नॉरईस्टर, म्हणजे ईशान्येचा वारा घेऊन येणारं या किनाऱ्यावरचं वादळ, कसं तयार होतं, तेही थोडक्यात. नॉर्थ कॅरोलिनातल्या केप हॅटरसजवळ समुद्रावर कमी दाबाचं केंद्र जन्मतं. एका बाजूला गल्फ स्ट्रीमचं कोमट पाणी. दुसऱ्या बाजूला क्युबेकवर बसलेला जास्त दाब, जो थंड हवा ॲपलाचियन डोंगर आणि किनारा यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत रेटत राहतो. दोन्हींच्या तापमानातला फरक जितका मोठा तितकं केंद्र झपाट्याने खोल जातं. २४ तासांत २४ मिलिबार दाब उतरला तर त्याला ‘बॉम्ब’ म्हणतात, हे पेपरवाल्यांनी उचललं. पण तो आकडा ६० अक्षांशाचा आहे. बॉस्टनच्या अक्षांशाला साडेअठरा मिलिबार पुरतात.

नकाशावर ४० उत्तर, ७० पश्चिम या बिंदूवर बोट ठेवा. केंद्र त्याच्या आसपासून गेलं तर बॉस्टनला भरपूर बर्फ. किनाऱ्याच्या बाजूने गेलं तर समुद्रावरची कोमट हवा आत येते आणि शहरात नुसता पाऊस, बर्फ पश्चिमेला आत असलेल्या वूस्टर शहराच्या पलीकडे. बाहेरून गेलं तर वादळ फक्त समुद्रावरच्या मासेमारांचं. पन्नास-साठ मैलांच्या फरकाने सगळा हिशेब बदलतो.

तुळई | ३ डिसेंबर, २२:१५

चौथा प्रश्न सुचवते: छपरावर वजन किती आलं?

इंचांवरून वजन कळत नाही, त्यात पाणी किती यावरून कळतं. एक इंच पाणी म्हणजे प्रत्येक चौरस फुटावर ५.२ पौंड. कोरडा, पिठासारखा बर्फ २० इंचांना एक इंच पाणी देतो. ओला, गोळा होणारा बर्फ पाच इंचांनाच देतो. म्हणजे तोच दोन फुटांचा थर एकदा सव्वासहा पौंड भरतो आणि एकदा पंचवीस. त्यावर पाऊस पडला तर बर्फ स्पंजसारखा पाणी धरून बसतो आणि आकडा आणखी चढतो. नुसती उंची बघून ‘गेल्या वेळी याहून जास्त होता, काही झालं नाही’ म्हणणं धोक्याचं आहे.

दुसरी गोष्ट, बर्फ सारखा पसरत नाही. वाऱ्याने उंच छपरावरचा बर्फ खालच्या छपरावर ढकलला जातो आणि भिंतीलगत ढीग होतो. घराला मागून जोडलेली खोली, पोर्च, दुकानाचं सपाट छप्पर इथे आधी बघा.

२८ जानेवारी १९२२ ला वॉशिंग्टनमधलं निकरबॉकर थिएटर पडलं, ९८ माणसं गेली. सपाट छप्पर, खाली चित्रपट बघणारे लोक. २००३ च्या वादळात बाल्टिमोरच्या बी अँड ओ रेल्वे संग्रहालयाच्या गोल इमारतीचं जवळपास अर्धं छप्पर ऐतिहासिक इंजिनांवर आलं. हार्टफर्डच्या सिव्हिक सेंटरचं छप्पर १८ जानेवारी १९७८ ला पहाटे कोसळलं, बास्केटबॉलचा सामना संपून लोक घरी गेल्यावर काही तासांनी. याचं खापर नेहमी बर्फावर फुटतं. चौकशीत निघालं ते वेगळं: छपराने जेवढं वजन पेलायला हवं होतं त्याहून त्या रात्रीचं वजन कमीच होतं. चूक सांगाड्याच्या आराखड्यात होती, आणि बांधतानाच दिसलेल्या वाकाकडे दुर्लक्ष झालं होतं.

घरात खुणा अशा दिसतात: वरच्या मजल्यावरचे दरवाजे अचानक घासायला लागतात, जिप्समबोर्डला दाराच्या कोपऱ्यातून तिरकी चीर जाते, लाकूड कडकडतं. तेव्हा छपरावर चढायचं नाही, बाहेर पडायचं.

मोजपट्टी | ४ डिसेंबर, ०७:३०

समभाररेषा यांच्या यादीतले आकडेही जरा चाचपून घ्यावे लागतात.

नियम साधा आहे. पांढऱ्या रंगाची प्लायवुडची पाटी, बाजू किमान १६ इंच, झाडं आणि भिंतींपासून लांब. दर सहा तासांनी मोजायचं, इंचाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंत लिहायचं, मग पाटी पुसून पुन्हा ठेवायची. सहा तासांच्या आत पुसायची नाही. का? बर्फ स्वतःच्या वजनाने बसतो. दर तासाला पुसलं तर बसायला वेळच मिळत नाही आणि बेरीज फुगते. २०१६ च्या वादळानंतर तपासणी झाली तेव्हा नेवार्क विमानतळाचे २८.१ इंच याच कारणाने बाद झाले. सेंट्रल पार्कचा आकडा उलट २६.८ वरून २७.५ झाला, निरोप देण्याघेण्यात चूक झाली होती, आणि त्या दुरुस्तीने २००६ चा विक्रम मोडला. वॉशिंग्टनच्या नॅशनल विमानतळावर तर पाटीच बर्फात हरवली, आणि १७.८ या आकड्यावर अजून लोक भांडतात.

वाऱ्यात पाटीचाही भरवसा नाही. ब्लिझर्ड या नावाला बर्फाच्या इंचांची अटच नाही: ताशी ३५ मैलांचा वारा किंवा वारंवार तेवढे झोत, पाव मैलापेक्षा कमी दिसणं, आणि हे सलग तीन तास. नवा बर्फ एक इंचही न पडता ब्लिझर्ड होऊ शकतं.

एरीकाठ | ४ डिसेंबर, ०९:०५

मोजपट्टी यांच्या शेवटच्या वाक्याच्या जवळ जाणारं उदाहरण म्हणजे एरी सरोवराकाठचं बफेलो शहर, जानेवारी १९७७. त्या हिवाळ्यात एरी सरोवर १४ डिसेंबरलाच गोठलं होतं. सरोवर गोठलं की ‘लेक इफेक्ट’ बर्फ (सरोवराच्या उबदार पाण्यामुळे पडणारा) थांबतो, म्हणून सगळे निर्धास्त. पण गोठलेल्या पृष्ठावर महिनाभराचा भुसभुशीत बर्फ साठला होता. २८ जानेवारीला ताशी ६९ मैलांपर्यंत झोत आले आणि तो सगळा साठा शहरात आला. आकाशातून नवा बर्फ पडला जेमतेम फूटभर. माणसं २९ गेली, त्यांतली काही पुरलेल्या गाड्यांमध्ये सापडली.

बफेलोला किनाऱ्याच्या हिशेबाने मोजू नका. इथे नॉरईस्टर लागत नाही. सरोवराच्या उबदार पाण्यावरून गार वारा लांबीच्या दिशेने वाहिला की बर्फाचा एक अरुंद पट्टा तयार होतो. साधारण पाच हजार फुटांवरची हवा पाण्यापेक्षा १३ अंश सेल्सिअसने थंड असली की यंत्र चालू. नोव्हेंबर २०१४ ला दक्षिणेकडच्या उपनगरांत पाच फुटांवर बर्फ आणि शहराच्या उत्तर टोकाला काही इंच, मध्ये गाडीने वीस मिनिटांचं अंतर. नोव्हेंबर २०२२ ला ऑर्चर्ड पार्कला ८० इंच.

पण त्याच वर्षी नाताळात पडलेल्या ५१.९ इंचांनी कितीतरी जास्त माणसं नेली, चाळीसहून अधिक. ब्लिझर्डची स्थिती ३७ तास टिकली. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाच्या गाड्याच रुतल्या, म्हणजे मदत मागून उपयोग नव्हता. वाहनबंदी निघाली २३ डिसेंबरला सकाळी साडेनऊला, शुक्रवारी, लोक कामावर गेल्यावर. वादळाचा अंदाज कित्येक दिवस आधीपासून अचूक होता.

खडीसाखर | ४ डिसेंबर, १०:२०

बंदी लवकर घातली तरी बोंब, उशिरा घातली तरी बोंब. जानेवारी २०१५ विसरलात का? न्यूयॉर्कची सबवे बर्फासाठी इतिहासात पहिल्यांदा बंद केली, दोन-तीन फुटांचं भाकीत केलं, आणि सेंट्रल पार्कात पडले ९.८ इंच. दुकानदारांचा एक दिवस फुकट गेला. पुढच्या वेळी लोक ऐकतील कसे?

समभाररेषा | ४ डिसेंबर, १३:००

खडीसाखर, तो अंदाज फसला असं म्हणणं अर्धंच खरं. त्याच वादळाने बॉस्टनला २४.६ इंच दिले आणि लाँग आयलंडच्या पूर्वेला दोन फुटांच्या आसपास. जोरदार बर्फाच्या पट्ट्याची पश्चिमेकडची कड अपेक्षेपेक्षा थोडी पूर्वेला राहिली, आणि ती कड नेमकी ८० लाख वस्तीच्या शहरावर होती. फिलाडेल्फियाच्या बाजूच्या एका हवामान अधिकाऱ्याने ट्विटरवर जाहीर माफीही मागितली. खरी चूक आकडा सांगण्याच्या पद्धतीत होती: ‘२० ते ३०’ सांगितलं, पण ‘दहाच्या आतही राहू शकेल’ ही शक्यता लोकांपर्यंत गेली नाही. आता कमीतकमी, बहुधा आणि जास्तीतजास्त असे तीन नकाशे देतात. मधला बघून निर्णय घ्या, तिसरा बघून तयारी करा.

लोक ऐकतात का, याचं उलट उदाहरण मार्च १९९३. पाच दिवस आधी इशारा दिला, आणि बर्फाचा कण पडण्याआधी राज्यांनी आणीबाणी जाहीर केली. असं तोवर कधी झालं नव्हतं. वादळ अवाढव्य होतं: टेनेसीत माउंट लेकॉन्टेवर ५६ इंच, अलाबामात बर्मिंगहॅमला फूटभर, एक कोटी ग्राहकांची वीज गेली. मृत्यू २७०, शिवाय समुद्रात ४८ बेपत्ता. सर्वांत बेसावध सापडली ती फ्लोरिडाची पश्चिम किनारपट्टी, जिथे बर्फ नव्हता. तिथे रात्रीत बारा फुटांपर्यंत पाणी चढलं. हिमवादळ म्हटलं की समुद्राकडे कुणी बघत नाही.

भरतीओहोटी | ४ डिसेंबर, २१:५०

शेवटचं वाक्य वाचून बरं वाटलं, कारण १९७८ च्या गोष्टीत रूट १२८ सगळ्यांना माहीत असतो आणि समुद्राने झोडपलेली रिव्हियर, हल, सिच्युएट ही किनाऱ्यावरची गावं कुणाला नाही.

त्या वादळाचा मुक्काम लांबला. क्युबेकवरच्या जास्त दाबाने वाट अडवली, त्यामुळे ईशान्येचा वारा दीड दिवस एकाच दिशेने पाणी रेटत राहिला. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याची रचना अशी की ईशान्येचं पाणी उपसागरात कोंडतं. त्यात अमावास्या, म्हणजे उधाणाची भरती. आणि वादळ लांबल्याने एक नव्हे, लागोपाठ अनेक भरत्या त्यात सापडल्या. पहिल्या भरतीने बांध खिळखिळे केले, पुढच्यांनी घरं नेली. रॉकपोर्टच्या बंदरातली मासेमारांची लाल खोपटी, जिची चित्रं रंगवून पिढ्या गेल्या, तीही गेली. आता दिसते ती नंतर बांधलेली.

बॉस्टन बंदराची तेव्हाची पातळी चाळीस वर्षं विक्रम म्हणून टिकली. ४ जानेवारी २०१८ च्या नॉरईस्टरमध्ये पाणी १५.१६ फुटांवर गेलं आणि तो विक्रम जेमतेम मोडला. त्या दिवशी शहरात बर्फ होता फूटभर. भुयारी रेल्वेच्या ॲक्वेरियम स्टेशनात समुद्र उतरला.

किनाऱ्याजवळ राहणाऱ्यांनी अंदाजात बर्फाच्या आकड्याआधी भरतीची वेळ आणि वाऱ्याची दिशा बघावी. तळघरात घर गरम करणारी भट्टी (फर्नेस) किंवा विजेचा मुख्य फलक असेल तर पाणी शिरायच्या आधी, कोरड्या पायांनी वीज बंद करायची. पाणी आल्यावर तिकडे जायचं नाही.

जुनातार | ५ डिसेंबर, ०८:१०

१८८८ राहिलंच. १२ मार्च, पुन्हा सोमवार! रविवारी नुसता पाऊस होता. न्यूयॉर्क शहरात २१ इंच, ऑल्बनीला जवळपास ४७, सॅराटोगा स्प्रिंग्जला ५८. एकूण चारशेच्या वर मृत्यू, त्यांतले निम्मे एकट्या न्यूयॉर्कमध्ये. माजी सिनेटर रॉस्को कॉन्कलिंग वॉल स्ट्रीटवरून घरी चालत निघाले, अंथरुणाला खिळले आणि पाच आठवड्यांनी गेले.

‘या वादळामुळे न्यूयॉर्कने तारा जमिनीखाली नेल्या’ हे वाक्य सगळीकडे सापडतं. तारा पुरण्याचा कायदा १८८४ चाच होता. कंपन्या दाद देत नव्हत्या. वादळात खांब आडवे झाले, आणि तरीही १८८९ मध्ये महापौर ह्यू ग्रँट यांनी माणसं पाठवून उरलेले खांब तोडायला लावले तेव्हा कुठे काम हललं. भुयारी रेल्वेचंही तसंच. बॉस्टनची १८९७ ला आली, न्यूयॉर्कची १९०४ ला. वादळाने रेटा दिला, पण रस्त्यांवरची गर्दी हे मोठं कारण.

वरच्या तारांचा त्रास उपनगरांत आजही तोच आहे. २९ ऑक्टोबर २०११ बघा: झाडांवर पानं असताना ओला बर्फ पडला. सेंट्रल पार्कात तीन इंचही नाही, पण न्यू जर्सी आणि कनेक्टिकटमध्ये मिळून लाखो घरं अंधारात, काही ठिकाणी आठवडाभर. पान असलेली फांदी बर्फ धरते, निष्पर्ण फांदीवरून तो निसटतो. जानेवारीत त्याच बर्फाने काही झालं नसतं.

पार्सिपनीकर | ५ डिसेंबर, १९:३०

छान माहिती. दोन व्यावहारिक प्रश्न. टाउनहाउसच्या भिंतीतून बाहेर आलेल्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या दोन नळ्या कशाच्या? आणि वीज गेली तर गॅरेजमध्ये सिगडी किंवा जनरेटर चालतो का, दार अर्धं उघडं ठेवून?

तुळई | ५ डिसेंबर, २०:४५

गॅरेजमध्ये नाही. दार पूर्ण उघडं ठेवूनही नाही. जनरेटर घरापासून किमान २० फूट लांब, धुराचं तोंड घराच्या उलट दिशेला, वर छत असलेलं मोकळं आच्छादन. कोळशाची सिगडी घरात किंवा गॅरेजमध्ये कधीच नाही. निखाऱ्याला धूर दिसत नाही म्हणून तो निरुपद्रवी वाटतो, कार्बन मोनॉक्साइड तेवढाच सुटतो. जनरेटर भिंतीतल्या सॉकेटला उलटा जोडायचा नाही, ती वीज तारेवर जाऊन दुरुस्ती करणाऱ्याला मारते. मुख्य फलकावर इंटरलॉक किंवा ट्रान्सफर स्विच इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्या.

त्या दोन नळ्या फर्नेसच्या: एक हवा आत घेते, एक धूर बाहेर सोडते. जमिनीपासून फूट-दीड फूट वर असतात, म्हणजे भिंतीलगतच्या ढिगात सहज बुजतात. बुजल्या की बहुतेक वेळा फर्नेस स्वतः बंद पडतं, पण ‘बहुतेक’वर विसंबू नये. २००५ च्या जानेवारीतल्या वादळानंतर प्लिमथ गावात असंच व्हेंट बुजून एका सात वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला, आणि मॅसॅच्युसेट्सने घरोघरी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म सक्तीचा केला. प्रत्येक मजल्यावर एक, झोपायच्या खोलीच्या दारापासून दहा फुटांच्या आत. वादळ चालू असताना दर काही तासांनी नळ्यांभोवती तीन फूट जागा हाताने मोकळी करा. गॅस मीटरवर फावडं आपटू नका, ब्रशने झाडा.

गाडीत अडकलात तर: आधी उतरून धुराची नळी मोकळी करायची, मग तासाला दहा मिनिटं इंजिन, वारा येतो त्याच्या पलीकडच्या बाजूची काच बोटभर उघडी. प्रत्येक वेळी नळी पुन्हा बघायची. गाडी सोडून चालत निघायचं नाही.

खडीसाखर | ६ डिसेंबर, ११:१५

स्नोब्लोअरवाल्यांसाठी माझ्याकडून. ओल्या बर्फात अर्ध्या रुंदीचा पट्टा घ्या, इंजिन पूर्ण वेगात, चाकं सगळ्यात हळू. तोंड तुंबलं तर इंजिन बंद करून सोबत आलेली काठीच घाला, हात नाही; इंजिन बंद असलं तरी यंत्राच्या बेल्टमधला ताण सुटून पातं एक झटका मारतं. शिअर पिन (दगड लागला की गिअरबॉक्सच्या आधी तुटावी म्हणून मुद्दाम ठेवलेली पिन) तुटली तर त्याच मापाची मूळ पिनच टाका. साधा कडक बोल्ट टाकला की पुढच्या दगडाला पिनेऐवजी गिअरबॉक्स तुटतो. प्लाउने ड्राइव्हवेच्या तोंडाशी टाकलेला बांध गोठायच्या आत काढा. साधं मीठ उणे ९ सेल्सिअसपर्यंतच काम करतं, त्याखाली कॅल्शियम क्लोराइड.

पार्सिपनीकर | ६ डिसेंबर, १२:४०

आभार. आणि छपराच्या कडेला बर्फाचे लोलक लोंबतात त्याचं काय? लोक कुऱ्हाडीने तोडताना दिसतात.

तुळई | ६ डिसेंबर, १४:०५

कुऱ्हाड शिंगल्स (छपरावरचे कौलांसारखे तुकडे) फोडते, पाणी मग हक्काने आत येतं. लोलक ही नुसती खूण. घरातली उष्णता माळ्यात गळते, छपरावरचा बर्फ खालून वितळतो, पाणी कडेपर्यंत येतं. कडेखाली घर नाही, म्हणून ती थंड. पाणी तिथे गोठतं आणि बांध तयार होतो. त्यामागे साचलेलं पाणी शिंगल्सच्या खालून वर चढतं. फेब्रुवारी २०१५ ला बॉस्टनमध्ये एका महिन्यात ६४.८ इंच पडले आणि थंडी हटलीच नाही, तेव्हा हजारो घरांत याच मार्गाने पाणी शिरलं.

वादळ थांबल्यावर लांब दांड्याच्या रेकने, जमिनीवर उभं राहून, कडेपासून तीन-चार फूट बर्फ ओढून काढा. शिडीवर चढून नाही. बांध झालाच असेल तर पायमोज्यात कॅल्शियम क्लोराइड भरून तो मोजा बांधावर आडवा, टोक कडेबाहेर येईल असा ठेवा. त्यातून पाण्याला वाट होते. साधं मीठ वापरलं तर पन्हळ आणि खिळे गंजतात. कायमचा उपाय माळ्यात आहे: आधी दिव्यांच्या, नळ्यांच्या, माळ्याच्या दाराच्या फटी बुजवा, मग इन्सुलेशन वाढवा. उलट क्रमाने केलं तर पैसे वाया.

आणि छताला खालून पाण्याचा फुगा आलेला दिसला तर बादली ठेवून स्क्रू ड्रायव्हरने मधोमध टोचा. तसाच राहू दिला तर जिप्समबोर्डचा अख्खा तुकडा ओल्या इन्सुलेशनसकट खाली येतो.